पाचवा चेंडू

२ जुलै, टॅम्पिनीस
पोहोचले! शुभदाताईंनी भाड्याने दिलेली खोली लहान आहे, पण खिडकीतून झाडे दिसतात. मी ज्या शाळेत रुजू होते आहे तिथेच त्यांची अकरा वर्षांची गार्गी शिकते. ती मला मावशी म्हणते आणि बाकी सगळे इंग्रजीत बोलते. शाळा पासिर रिसला, एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, एकच स्टेशन. माझे काम ग्रंथालयात. शिवाय शाळेचे पहिले हेडमास्तर, मिस्टर वेदरॉल, यांचे चरित्र लिहायचे आहे. घरातली पहिली पदवीधर मी, आता पुस्तकावर नाव येणार! बाबांना फोन केला तर त्यांनी आधी मैदान कसे आहे हेच विचारले. तीस वर्षे मिरजेच्या क्लबात रोलर ओढणारा माणूस दुसरे काय विचारणार!

६ जुलै
वेदरॉल विद्यापीठाच्या संघातले वेगवान गोलंदाज. १८९३ साली बोटीने इथे आले, लॅटिन शिकवू लागले. फोटोत पांढरे फ्लॅनेल, जाड मिशा. जुन्या मैदानावरचा त्यांचा लोखंडी रोलर अजून शाळेत जपून ठेवला आहे. आज कपाटात त्यांचे स्कोअरबुक सापडले. स्कोअर लिहायला बाबांनी मला आठवीतच शिकवले होते, ते आता कामाला येणार.

९ जुलै
धावा कुठेच नाहीत. फक्त मुलांची नावे, चेंडूंचे ठिपके आणि पुढे नोंद: दोन दात. बरगडी. डावा डोळा.
लॅटिनमध्ये चुकलेल्या मुलाला पॅडशिवाय यष्टींपुढे उभे करून ते एक षटक टाकत. तेव्हाचे षटक पाच चेंडूंचे. आधी ते हात वर करत. स्कोअर लिहिणाऱ्या मुलाने उलट हात वर केला की चेंडू सुटे. शेवटच्या पानावर तीनच ठिपके आहेत. खाली पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरांत: तिसरा कानशिलावर बसला. तो पडला. सरांनी त्याला पुन्हा उभे केले. मी हात वर केला नाही. त्यांनी बॅटने माझा हात फोडला. हे डाव्या हाताने लिहितो आहे. तो मुलगा जिवंत आहे.
प्राचार्यबाई म्हणाल्या, पुस्तिका पालक वाचणार, जरा गोड लिहा. मी खरेच लिहिणार.

१३ जुलै
सराव सामना होता. क्रिकेटचे निशिकांत सर पुण्याचे. म्हणाले, "रोलरवाल्यांची मुलगी ना तू? मग बस स्कोअरच्या टेबलावर!" मजेत बसले. राजस नावाचा मुलगा फलंदाजी करत होता. रोलरजवळ फ्लॅनेलमधला एक उंच माणूस हात वर करून उभा दिसला. बदली पंच असेल असे वाटले. पंचाने खूण केली की स्कोअररने हात वर करायचा, तोवर खेळ पुढे सरकत नाही, ही बाबांची शिकवण. मी हात वर केला.
गोलंदाज अजून धावायलाही लागला नव्हता. राजसचा जबडा फुटला. हेल्मेटची जाळी गालात रुतली. गवतात दात. माझ्या कागदावर रक्त उडाले, इतक्या लांबून.

१४ जुलै
जुन्या बुकात चौथा ठिपका आला आहे. ओला. बोटाला लाल लागले.

१६ जुलै
ते पान जाळले. बुक उघडले तर पान जागच्या जागी. निशिकांत सर म्हणतात तिथे कोणी नव्हते, तुला ऊन लागलंय.

१९ जुलै
उद्या सामना. गार्गी पहिल्यांदाच संघात. तिला पाठवू नका म्हणून विनवले. शुभदाताई चिडल्या, "वर्षभर राबलीय ती. तुझ्या भुतापायी घरी बसवू?" गार्गी हसली, "चिल लाह, मावशी, हेल्मेट आहे ना."
राजसलाही होते.

२० जुलै, दुपार
स्कोअर दुसऱ्याकडे दिला आहे. मी वरच्या मजल्यावर ग्रंथालयात, मैदान खाली. दार बंद, पडदे ओढलेले. मी हात वर केला नाही तर चेंडू सुटणार नाही. एवढेच करायचे आहे.

टाळ्या. गार्गी खेळायला आली —

पडद्यावर सावली. हात वर.

माझा उजवा हात ओढणीने खुर्चीला बांधला आहे. डाव्याने लिहिते. नाही करणार.

तो आत आला. बॅट —

बांधलेल्या हाताची बोटे फोडली. एकेक करून. हाड दिसते आहे. नाही केला वर —

खालून गार्गीचे हसणे ऐकू येते. ती उभी आहे. जिवंत —

आता मारत नाही. डावे मनगट धरले आहे. थंड. लहान मुलाला शिकवावे तसे, हळूहळू वर —

पेन अजून कागदाला टेक