वाफेतली आत्या

लाखनी, मंगळवार

ती. धुरपता आत्यास,

अंकुशचा लांबूनच साष्टांग नमस्कार. पाकिटावर तुझ्या नावाआधी 'श्रीमती' लिहावं की 'कैलासवासी' हे ठरेना, म्हणून जागा कोरी सोडली आहे, राग मानू नकोस. इकडे तेजस्विनी मजेत, मी घाबरलेला. तू कशी आहेस? (म्हणजे, आहेस ना?)

आत्या, आधी गुन्हा कबूल करतो. मी कादंबरी लिहिली. तिच्यात इंग्रजांना नागपूरचं राज्य घेताच आलं नाही, आणि भंडाऱ्याच्या कारागिरांनी वाफेवर उडणारी पितळेची जहाजं केली. (एवढं जड पितळ उडेल कसं, असं तेजस्विनीने विचारलं. घरात बायको असली की वेगळा समीक्षक लागत नाही.) सगळ्यात मोठ्या जहाजाचा बॉयलर सांभाळायला जबरदस्त बाई हवी होती. आई गेल्यावर मला वाढवलंस ती तू, मग दुसरं नाव सुचणार कुठून? सातव्या प्रकरणात बॉयलर फुटतो आणि धुरपता जाते. पुढे जिथे वाफ होईल तिथे ती येते, आणि ज्याची चूक त्याला नावाने हाक मारते. लिहिताना मला हे फार आवडलं होतं.

शनिवारी सकाळी कादंबरीची शेवटची तपासलेली प्रुफं प्रकाशकाकडे रवाना केली आणि दुपारी तुझ्या शेजारच्या बायजाबाईंचा फोन, "धुरपता गेली, ये लवकर." दिघोरीपर्यंत एसटीत रडत होतो, आणि (तुझ्यापासून काय लपवायचं) तुझ्या मरणाइतकीच मला माझ्या लेखणीची भीती वाटत होती. तुझ्या अंगणात शिरलो तर ना रडणं, ना माणसं. चुलीवर मोठा हंडा, वाफच वाफ, आणि त्या वाफेतून पांढऱ्या लुगड्यात तू. वर नावाने हाक, "अंकुश, काहून पळून राहिला रे? चहा तं घे."

भुतं चहा विचारतात का, हे मला शेताच्या धुऱ्यावरून धावताना सुचलं, पण पाय ऐकेनात. एक चप्पल तुझ्या धानाच्या बांधीतल्या चिखलात राहिली आहे. नंतर तुझ्या नंबरावरून सात फोन आले, उचलायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून घरात कुकर लावू दिलेला नाही, तीन दिवस चिवड्यावर आहोत. असशील तर स्वतःच्या हाताने दोन ओळी लिही. नसशील तर उत्तराची तसदी घेऊ नकोस.

तुझा चुकलेला,
अंकुश

ता.क. पत्र तेजस्विनीने वाचलं आणि सरळ तुला फोन लावला. तुला कावळा-कावळीचा जोडा लागलेला दिसला होता म्हणे. ते पाहणाऱ्याच्या जिवावर बेततं, म्हणून आपल्याच मरणाचा खोटा निरोप धाडून नातलगांना रडवायचं असतं, हे मी पार विसरलो होतो. आणि तू हंड्यात धान उकडत होतीस. फोनवर तुझ्या शिव्या ऐकून इतकं बरं वाटलं की मी पुन्हा रडलो.

आणखी एक ता.क. पत्र तरीही पाठवतो, कारण ही गोष्ट तेजस्विनीसमोर बोलता येत नाही. कादंबरीला आठवं प्रकरणही आहे. त्यात नायक जातो. नायकाचं नाव अंकुश. पुस्तक छापायला गेलं, आता बदल होत नाही म्हणतात. तेव्हा आत्या, बायजाबाईंना एवढंच सांग की अंकुश गेला, गावभर त्या पोचवतील. तू मात्र खरंखुरं रड. (थोडी रडलीस तरी चालेल, पण मनापासून.) आणि संध्याकाळी सगळ्यांना खरं सांगायला विसरू नकोस. रविवारी मला चप्पल न्यायला यायचं आहे.