बाहेरचं घड्याळ

३ मार्च

चि. खारुताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

निबंध पाठवतोय. वीसच पानं आहेत, घाबरू नकोस. शाळेतल्या निवृत्त गणित मास्तरानं तुमच्या कृष्णविवरांना हात घालावा, यावर तुझ्या विद्यापीठात हसतील. हसू देत. कोसळणारा तारा लांबून पाहिला तर त्याचं कोसळणं मंदावत जातं आणि कधीच पुरं होत नाही, हे तुम्हीच शिकवता. मग विवर झालं असं म्हणता कशाच्या जोरावर?

या गणिताची वही जुनीच, आई असतानाची, पण आई गेल्यापासून दोन वर्षं दुसरं काही केलं नाही. तिच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाशी बसतो. तिचे चिमटे, भिंग तिथेच आहेत. तू हो म्हणालीस तर निबंध तिच्या नावानं छापायला देईन. लेक म्हणून नको, परीक्षक म्हणून वाच.

जेवणाची हेळसांड नको. माया आहेच.
बाबा

२९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तीनदा लिहायला बसले, तीनदा उठले. बाबा, निबंध चुकलाय. अकराव्या पानापासून तुम्ही लांबच्या माणसाचंच घड्याळ धरलंत. ताऱ्यावरच्या घड्याळात सगळं थोडक्या वेळात आटोपतं. आपल्याला दिसलं नाही, म्हणून घडलं नाही असं होत नाही. अगदी शेवटी आत काय होतं, तिथे मात्र आमचंही गणित हात टेकतं.

तुमचं खरं निघावं असं फार वाटत होतं. आई गेल्यावर मी चौथ्या दिवशी पोचले. माझ्या लेखी ती अजून भिंग लावून खिडकीशी बसलेली आहे.

रागवा, पण लोभ कमी करू नका.
तुमची खारुताई

११ एप्रिल

चि. खारुताईस,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस रागावलो. मग तुझी चूक काढायला जुनी वही उघडली. तिथे अकराव्या पानावरच्या त्याच गणिताशेजारी आईनं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ‘कोणाच्या घड्याळात?’ घड्याळ मागे पडतं म्हणणाऱ्या गिऱ्हाईकालाही ती आधी हेच विचारायची. मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

आता एक कबूल करतो. शेवटी तिचा हात माझ्या हातात होता, असं तुला सांगितलं. ते खोटं. तिनं मला चहा घेऊन या म्हणून बाहेर पाठवलं. मी दवाखान्याच्या जिन्यात होतो, सहा मिनिटं. परत आलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. तुझ्यासारखाच मीही बाहेर राहिलो, पोरी.

निबंध छापायला देत नाही. टेबल आवरायला घेतलं, पण एकट्याच्यानं होत नाही. तू ये. उशीर झाला तरी चालेल, मी थांबतो.
तुझा बाबा