चौदा मार्चच्या खुर्च्या

प्रिय सेल्मा,

तुझ्या बाबांच्या नावाची पाटी आपल्या गल्लीत लागणार, हे समितीने तुला टोरोंटोला कळवलंच असेल. तिच्यावर काय लिहिणार, तेही कळवलं का? ‘साऱ्या गल्लीचे लाडके डॉक्टर हार्टोख.’ साऱ्या गल्लीचे! वाचलं आणि कॉफी कडू लागली.

अध्यक्षांना विचारलं, “बेचाळीसच्या त्यांच्या वाढदिवसाला ही सारी गल्ली कुठे होती हो?” तर म्हणतात, “लिडवीनबाई, पन्नास वर्षं झाली. तारीख विसरले असतील लोक.” म्हटलं, “विसरतील कसे? आपल्या डच लोकांत घरोघरी संडासाच्या भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर. चौदा मार्चपुढे डॉक्टरांचं नाव रोज बसून वाचत होतात की!” लालेलाल झाले. चाळीस वर्षं मास्तरकी केलीय, एवढं जमतं मला.

“जीभ मला दाखव, शाळेतल्या नन सिस्टरना नको,” म्हणणारे तुझे बाबा. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. ते ज्यू, म्हणून आम्हाला तपासायला त्यांना जर्मनांनी बंदी केली होती. त्यांच्याकडे केक खायला जायला अजून नव्हती. तुझ्या आईने नेहमीसारख्या चौदा खुर्च्या गोल मांडल्या. समोरच्या आमच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. बसलात तुम्ही तिघंच. बाबा दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले. त्याच वर्षी तुला शेतावर लपवलं, आणि त्या दोघांना पोलंडला नेलं ते कायमचं.

गुरुवारी पाटीसमोर मी बोलायचं आहे. “दोन गोड शब्द बोला,” म्हणतात. गोड मला कधी जमलं? बारा वर्षांची होते तेव्हा सिस्टर दर शनिवारी चर्चमध्ये फादरकडे पापं कबूल करायला पाठवायच्या. चोरलेली साखर सांगितली, खोटं बोलले ते सांगितलं. हे मात्र कधीच नाही.

त्या दुपारी तू मला पाहिलंस आणि ‘ये’ म्हणून हात हलवलास. आमच्या खिडकीचा पडदा ओढला गेला. तो आईने ओढला, असं तुला मी पन्नास वर्षं सांगत आले. सेल्मा, आईने माझ्या हातात ट्युलिप दिले होते. “जा, डॉक्टरांना माझाही नमस्कार सांग,” म्हणाली होती. पडदा मी ओढला. गुरुवारी हे सगळ्यांना सांगणार आहे. पण त्याआधी तुला कळायला हवं होतं.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
लिडवीन