दाजीच्या तोंडातलं अंडं

११ जानेवारी, वापी
आजबी जादूच्या शोला तिसऱ्या रांगेत बसलो. मास्टर म्हणले, "पब्लिकमधून कुणी हिम्मतवाला?" मी येड्यावानी हात वर केला. स्टेजवर गेलो, माझ्या कानातनं, तोंडातनं मास्टरनं अंडी काढली, पब्लिक लोळलं, खाली आलो. दोन वर्सं हेच. कंपनीचा माणूस, पण कुणी वळखायचं न्हाई, हीच नोकरी. हसू माझ्यावर, टाळ्या मास्टरला.

१४ जाने.
मास्टरला सरळ म्हणलं, मला कोट द्या, एक आयटम द्या. "आधी हात साफ होऊ दे." साफ हाय की! दोन वर्सं तो हात माझ्या नाकापुढं फिरतोय. अंडं कुठल्या बोटामागं दडतं, झोपेतबी सांगंन. मास्टरच्या बायकोला, वैनीला, करून दाखवलं. रोज पेटीत अर्धी कापून घेनारी बाई, सहजासहजी हसत न्हाई. हसली. "ह्यांना सांगते मी."

१९ जाने.
पुढचा मुक्काम परळी!! आपला जिल्हा. घर पाटोद्याला, पण ताई परळीत दिलेली, दाजी थर्मलला कामाला. ताईला फोन केला तर दाजीनंच घेतला. "काय जादूगार, स्टेजवर दिसनार का खुर्चीवर?" म्हणलं, या आन बघा.
मास्टरला म्हणलं, तिथं मला खुर्चीवर नका बसवू, कुत्रंबी वळखंल. म्हणले, "मिशी लाव."

३ फेब्रु., परळी
रस्त्यानं थर्मलच्या राखेचे ट्रक. भाकरीसंगं दाताखाली करकर. गावाकडं आल्यासारखं वाटलं. मिशी लावून बघितली, खाजती.

४ फेब्रु.
पयला शो. हॉल फुल. कबुतरं झाली, वैनी हवेत तरंगली, मग माझा नंबर. हात वर केला आन मागनं आवाज, "अबे, सुदाम्या हाय की ह्यो! मिशी कवा फुटली बे तुला?"
सगळी रांग वळली. मास्टरचा हात वरच्या वर. पन आयटमची उकडलेली अंडी माझ्याच खिशात की. मिशी उपटली, स्टेजवर चढलो. "वळखलं ना? बरं झालं. आता तुमच्यातला खराखुरा माणूस घेतो." पयल्या रांगेत दाजी. हाताला धरून वर आनले. एक अंडं कानातनं. एक बगलंतनं. "आ करा दाजी." तिसरं तोंडातनं.
पत्रे उडाले हॉलचे. कुणीतरी वरडलं, "माळकऱ्याच्या तोंडात अंडं!" तवा दाजीच्या गळ्यात बघितलं. तुळशीची माळ.
दाजी खाली उतरले, सरळ भायेर. ताई मागं पळाली. शिट्ट्या चालूच.

५ फेब्रु.
ताईकडं गेलतो. दाजी पहाटेच गाडी काढून नारायणगडाला पाया पडाया गेले म्हनं.
"माळ कवा घातली?"
"गेल्या साली."
"मला कावून सांगितलं न्हाई?"
"दोन मिंटं फोन करतुस. त्यात काय काय सांगू?"
हेच दाजी गाड्यावर माझ्या ताटातली भुर्जी वढून खायचे. ताई म्हणली, रात्रीच दोस्तांचे फोन चालू झाले, "आज किती अंडी दिली?" माझ्या तोंडावर हसू आलं असंल, तिनं लाटणं उगारलं.
सांजच्याला मास्टरनं कोट अंगावर फेकला. "आयटम तुझा. रोज एक माळकरी वर घ्यायचा, असंच अंडं काढायचं."
म्हणलं, अंडं न्हाई काढनार.
"मग कोटपण नाही."
म्हणलं, उद्या दुसरं कायतरी दाखवतो. न्हाई हसलात तर कोट घ्या माघारी.

६ फेब्रु.
सकाळी मास्टरपुढं बारके बटाटे काढले. नाकातनं, मानंतनं, वैनीच्या अंबाड्यातनं. वैनी खो खो. मास्टर हसले न्हाईत. कोटबी मागितला न्हाई. "आज पब्लिकला विचारू."
दुपारी दाजीकडं. डब्याची पिशवी भरत होते. म्हणलं, दाजी, चुकलं. पयल्या रांगेत खुर्ची ठिवलीय. आज परत वर या, सगळ्यांपुढं बटाटा काढतो.
वर न बघता, "परवाचं इसरतील का त्यानं?"
"न्हाई. पन उद्या लोक बटाट्याचं बोलतील."
"लई शाना झालास." पिशवी उचलून गेले. ताई म्हणली, दुसरी पाळी हाय त्यांची, रात्री दहाला सुटतील. सुट्टी मागितली तर मागितली.

साडेपाच.
कोट घातलाय. बाह्या लांब हायेत, बटाटे दडवाया बऱ्या. न्हाई आले दाजी तर दुसरा कुणी घीन, आयटम होनार म्हंजे होनार. पन पयला मान त्यांचा.
पडद्याच्या फटीतनं बघितलं. ताई आलीय, एकटी. बाजूच्या खुर्चीवर आपली पिशवी ठिवून दाजीची जागा धरलीय. एक गडी बसायला बघतोय, ती त्याच्याशी भांडतीय.
पयली घंटा झाली.