हिच्या ऑफिसजवळ वन बीएचके

४ फेब्रुवारी
आजपासून जागा शोधायची म्हणजे शोधायचीच. ही लेडीज हॉस्टेलवर राहायला गेली त्याला महिना होऊन गेला. जाताना एवढंच म्हणाली, "मला वेगळं राहायचंय." बरोबरच आहे. लग्न झाल्यापासून आम्ही आईच्याच घरात, मधल्या खोलीत. कुठल्या सुनेला आवडेल? हिच्या ऑफिसजवळ वन बीएचके घेतला की प्रश्न मिटला. आईला योग्य वेळ बघून सांगेन.

९ फेब्रुवारी
एजंटनं जागा दाखवल्या. एक तळघरात. दुसरीत बेडरूम म्हणजे हॉलमध्ये मारलेलं पार्टिशन. तिसरीच्या मालकानं विचारलं, फॅमिली कुठंय? म्हटलं, हॉस्टेलवर. त्यानं दार लावून घेतलं. हल्ली कुणाला समजून घ्यायला वेळच नाही.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
सापडली! लिफ्ट नाही, पण तेवढाच व्यायाम. स्वयंपाकघराला मोठी खिडकी, सकाळचं ऊन थेट ओट्यावर. भाडंही आवाक्यातलं. लगेच हिला फोन केला. एरवी नुसतं हं हं करते. आज स्वतःहून विचारलं, पाणी किती वेळ येतं? गल्ली कुठली? एजंट कोण? गाडी रुळावर येतेय.

१६ फेब्रुवारी
लगेच हो म्हणायचं नाही. आपली गरज दिसली की समोरचा चढून बसतो. भाडं कमी करायला सांगितलंय. एजंट म्हणाला, जागा हातची जाईल. सगळे एजंट असंच म्हणतात.

१९ फेब्रुवारी
आईला आज सांगणार होतो. ती मधल्या खोलीतल्या चादरी बदलत होती. म्हणाली, सूनबाई अचानक आली तर खोली नीट असावी. उद्या सांगतो.

२३ फेब्रुवारी
जागा गेली. एजंट म्हणाला, एक बाई एकट्याच आल्या, घासाघीस न करता टोकन देऊन गेल्या. ओट्यावरच्या उन्हाचं त्यांना आधीच ठाऊक होतं.
हिला फोन केला.
"चांगली आहे रे जागा," ही म्हणाली. "तू सांगितलीस तशीच."
म्हटलं, मग उत्तमच झालं, मी सामान कधी आणू?
"आईंचा काही त्रास नव्हता मला. मला तुझ्यापासून वेगळं राहायचंय."
रेंज बरोबर नव्हती.

१ मार्च
हिचं कपाट पोचवलं. टेम्पोवाला आणि मी, दोघांनी वर चढवलं. हिनं पाणी दिलं, थँक्यू म्हणाली. शेजारच्या काकूंनी विचारलं, हे कोण? ही म्हणाली, ओळखीचे आहेत.
दाराबाहेर पाटी लावायची राहिली होती. हिचा हात पुरेना. मी स्टूलवर चढून खिळा ठोकला. पाटीवर हिचं नाव, पुढं माहेरचं आडनाव.
खाली उतरून लांबून बघितलं. पाटी सरळ बसली होती.