तिळारीच्या यादीतलं आठवं नाव

१२ फेब्रुवारी २०२५, सकाळी १०.४०
आत्ताच फोन ठेवला. तिळारीच्या जंगलातल्या धनेश पक्षी बघायच्या शिबिरातून माझं नाव कापलं. "पासष्टच्या वर असलात तर घरच्यांची सही लागते, मॅडम. मुलगा नाही म्हणाला." बत्तीस वर्षं सायन्स शिकवलं. शाळेच्या मुली तानसाच्या जंगलात नेल्या, एकही हरवली नाही — नियमच तसे कडक होते माझे. आणि आता मला पोटच्या पोराची सही!

आठच माणसं नेतात. गावातल्या घरांत राहायचं. आपल्या पैशांतून धनेशाच्या घरट्यांच्या ढोल्या राखणाऱ्या गावकऱ्यांचा पगार निघतो. डाव्या डोळ्याला डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय. उजवा गेलाच आहे. धनेश पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नाही.

दुपारी
मुदस्सिर काल्हेरच्या गोदामातून जेवायला आला. "अम्मी, तिथे जळवा असतात." फेब्रुवारीत जळवा! ह्याला दहावीचं सायन्स मीच शिकवलं, माझंच चुकलं. "पडलीस तर? टीव्हीवर लावून देतो ना, मोठा दिसेल धनेश." शिवाय नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना सांगून ठेवलंय — अम्मीला एकटीला बसवू नका.

१३ फेब्रुवारी
धनेशाची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. स्वतः. पिल्लं वाढली की फोडून बाहेर येते.

१४ फेब्रुवारी
भिंग धरून शिबिराला मेल लिहिला. सज्ञान बाईला पालक कशाला? हा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला? लेखी उत्तर द्या.

१५ फेब्रुवारी
उत्तर नाही. दिवसभर खालच्या कारखान्यातल्या पॉवरलूमची खडखड.

१६ फेब्रुवारी
उत्तर आलं. खाली नाव — अफीफा, शिबिरप्रमुख. माझ्याच वर्गातली.

"टीचर, नियम तुमच्याकडूनच शिकले. सातवीत तानसाच्या सहलीला मी परवानगीच्या चिठ्ठीवर अम्मीचा अंगठा घेऊन आले होते. अब्बा गावी होते. तुम्ही म्हणालात, अंगठा चालत नाही, वडिलांची सही आण. बस गेली, मी फाटकात उभी. सहीचा नियम आजच काढून टाकलाय. तुमची जागा ठेवलीय, न्यायला गाडी पाठवते. फक्त माझ्या अम्मीचा अंगठा का चालला नाही, ते लिहून कळवा. बुधवारी, १९ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत."