डाव्या दाराची तार

उस्ताद, मला भीती वाटते आहे आणि ती सांगायला दुसरं कोणी सुचत नाही. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. गॅरेज वणीत तिथंच आहे. आज सकाळी कापडी छताची ती जुनी लाल गाडी आली, जी आता फक्त नवरदेवाला मिरवायला निघते. मालकाची तक्रार एकच होती. गाडी चालवताना त्याच्या बाजूची काच आपोआप वर चढते. परवा त्याचं कोपर काच आणि छताची पट्टी यांच्यात दाबलं गेलं. मी दाराचं आतलं आवरण काढलं. मोटर ठीक, बटन ठीक. बिजागरीपाशी, जिथं दारासोबत तारा वाकतात, तिथलं रबर कडक होऊन तडकलं होतं आणि एक तार उघडी पडली होती. ती मी गुंडाळली. पण गुंडाळायच्या आधीपासूनच काच शहाण्यासारखी वागत होती. कितीतरी वेळा खालीवर केली, एकदाही चुकली नाही. भीती तिथून सुरू झाली.

तुम्हाला डॉक्टरांची गाडी आठवत असेल. मी तेवीस वर्षांचा. तिची काचही अशीच, मी काही न करता नीट झाली होती आणि मी खूश होतो.

"काय भेटलं?" तुम्ही विचारलं.

"काही नाही उस्ताद. पण आता चालून राह्यली."

"तूनं सुधरवली का तिचं तिनं सुधरली?"

मी हातातला पाना पुसत राहिलो.

"बोल ना बे, लाजून काय राह्यला? पोरगी पाहाले आलो काय मी?"

मग तुम्ही बाही वर सारता, हात काचेच्या कडेवर आडवा ठेवता, दुसऱ्या हातात चहाचा कप घेता. "किल्ली फिरव. आता बस इथं. डाक्टर येईपर्यंत मी हात काढत नाही." तो अर्धा तास माझं लक्ष तुमच्या हातावरून हललं नाही. डॉक्टर आल्यावर तुम्ही म्हणालात, "साहेब, बिघाड भेटला नाही. गाडी आज देत नाही." तुमच्या आवाजात लाज नव्हती.

मला आज ते वाक्य जमलं नाही. मालकाला पुतण्याच्या वरातीसाठी मारेगावला पोचायचं होतं, सोबत सहा वर्षांची नात होती. मी त्या मोटरची जोडणी काढली, काच खाली ठेवली आणि मोटर जळली असं खोटं सांगितलं.

"वरातीत छतच उघडं राह्यते, काचेचं काय घेऊन बसला?" मालक हसला. "अन् म्हणे उस्तादचा चेला!"

"रस्त्यानं ऊन हाय भाऊ. छत लावसान ना?"

"लावीन. मंग?"

"मंग काही नाही."

नात डावीकडे बसली. मालकानं छत लावलं. गाडी वळताना पोरीनं खिडकीतून डोकं बाहेर काढून मला टाटा केला.

डावं दार मी उघडलंच नाही. तेही तितकंच जुनं, तार तीच, तिचं वाकणं तेच. रबर तिथंही तडकलं असेल. छत लावलेलं आहे, किल्ली चालू आहे, आणि काच आणि पट्टी यांच्यामध्ये त्या पोरीची मान. छत उघडा, एवढंच सांगायचं आहे. चार वेळा फोन लावला. कोणी उचलत नाही. गाडी चालवत असेल, असं मी स्वतःला सांगतो. मोटरसायकल दारात आहे. हे लिहायला लागला तेवढ्या वेळात वाटेतलं राजूर मागे टाकलं असतं. पण रस्त्यात ती गाडी उभी दिसली तर, हा विचार मला खुर्चीतून उठू देत नाही.

उठतो. तुमच्यापाशी लपवून उपयोग नाही म्हणून एवढं लिहितो. डावं दार मला नंतर आठवलं नाही. तिनं डोकं बाहेर काढलं तेव्हाच आठवलं होतं. गाडी थांबवली असती तर बिघाड सापडला नाही, हे सांगावं लागलं असतं. मी हात वर केला होता, उस्ताद. थांबवायलाच केला होता. मग तो हलवला.